अर्ध्यावर सोडलेलं काडतूस

लंडनजवळ मेडनहेडला उदय कर्णिकचं घर चांगलं ऐसपैस आहे. वर चार खोल्या, खाली लांबलचक किचन, मागे बाग, बाजूला गॅरेज. एवढ्या घरात फक्त त्याची अशी एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे एक किल्ली. बंदुकीच्या लोखंडी कपाटाची. ती कुठे ठेवतोस हे कोणालाही सांगायचं नाही, असं पोलिसांच्या माणसाने घरी येऊन बजावलं होतं. "म्हणजे बायकोला पण नाही?" असं उदयने दोनदा विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की त्या माणसाला त्याने आग्रह करकरून दुसरा कप चहा पाजला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एक किल्ली लपवायला मिळाल्याचा एवढा आनंद व्हावा, यावरून बाकीचं काय ते समजून घ्यावं.

बंदूक म्हटल्यावर भलतं काही मनात आणू नका. उदय मुंगीलाही वाट करून देणारा गृहस्थ. क्रॉयडनमध्ये जन्मला, तिथेच शिकला, सॉफ्टवेअरमध्ये लागला, पुण्याची निवेदिता बायको म्हणून आली, आणि दोघं मेडनहेडला स्थिरावली. ऑफिसने एकदा सगळ्यांना मौज म्हणून हेन्लीच्या पलीकडे एका शेतात नेलं. तिथे यंत्रातून बशीएवढी नारिंगी चकती सुटते, आकाशात भर्रकन जाते, आणि आपण ती छऱ्यांच्या बंदुकीने फोडायची. क्ले शूटिंग म्हणतात याला. उदयची पहिली चकती फुटली, हवेत काळा धूर झाला, आणि आयुष्यात प्रथमच आपण केलेलं काहीतरी ताबडतोब आणि पूर्ण झालं असं त्याला वाटलं. पुढच्याच वर्षी त्याने बंदुकीचं सर्टिफिकेट काढलं, दोननळी बंदूक घेतली आणि दर रविवारी तो त्या शेतात जायला लागला.

ते रविवार आई गेल्यावर संपले. लीलावतीबाई हिवाळ्यात गेल्या, आणि क्रॉयडनच्या घरात वडील सतीशराव एकटे राहिले. रेल्वेच्या सिग्नलखात्यात जन्म काढलेला, वेळेचा पक्का, ऐंशीला टेकलेला, मधुमेहाचा माणूस. बहीण आश्लेषा साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. तिने फोनवरच निकाल देऊन टाकला. "उदय, तू वर्क फ्रॉम होम करतोस, सो इट्स ऑब्व्हियस. बाबा तुझ्याकडे." ऑब्व्हियस म्हटल्यावर बोलायचं काय? उदयने मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, पण आश्लेषाला ती दिसते.

बाबा आले ते दोन बॅगा, पोळपाट-लाटणं आणि आईचा मसाल्याचा डबा घेऊन. कुणावर ओझं व्हायचं नाही, असं त्यांनी आल्याआल्या जाहीर केलं, आणि ते खरं करण्यासाठी दुपारचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. निवेदिताची नोकरी लंडनला, शनिवारीसुद्धा ती सकाळच्या ट्रेनने जायची. मग घरात उरायचे बाप आणि लेक. बाबा चपात्या लाटत, भाजी करत, शनिवारी आवर्जून बांगडा तळत. दोन ताटं वाढत. मग शर्ट वर करून पोटात इन्सुलिनचं पेन टोचत, कारण नर्सने सांगितलं होतं जेवणाआधी टोचा. आणि मग जिन्याखाली उभं राहून हाक मारत.

"उदय! पान वाढलंय!"

आता, पान वाढलंय म्हटल्यावर जो माणूस लगेच उठत नाही तो कर्णिकांच्या घरात जन्मलेला नाही. लहानपणी क्रॉयडनला शाळेचा अभ्यास असो की टीव्हीवर फुटबॉलची फायनल असो, आईची हाक आली की पेन खाली. वाढलेल्या पानाला वाट बघायला लावायची नाही, आणि घरातलं माणूस बसल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. हे कोणी शिकवलं नव्हतं. ते चपलांसारखं दारातच काढून ठेवता येत नाही एवढंच.

मार्च महिन्यात एकदा उदय एका लांबलेल्या मीटिंगमध्ये अडकला. हाक ऐकू आली होती, पण अमेरिकेतला साहेब बोलत होता. खाली आला तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते, घामाने निथळत, हात थरथरत, ओठ पांढरे. समोरचं ताट जसंच्या तसं. इन्सुलिन टोचलेलं आणि पोटात अन्नाचा कण नाही. उदयने साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा कुठे डोळ्यांत ओळख आली.

"अहो बाबा, खाऊन घ्यायचा ना! असा कशाला बसला तुम्ही?" उदयचं मराठी घाबरल्यावर अगदीच कोलमडतं.

"तू येतच होतास ना," बाबा म्हणाले.

त्या रात्री आश्लेषाचा फोन. "एकदा टोचलं की त्यांनी लगेच खायला हवं, उदय. आय कान्ट स्ट्रेस धिस इनफ. यू हॅव टू बी देअर." तेव्हापासून उदय हाकेसरशी उठायला लागला. मीटिंग असो, आंघोळ असो. हाक यायच्या आधीच त्याचे कान जिन्याकडे लागायचे.

रविवारी बाहेर पडणं तर बंदच झालं. निवेदिता म्हणाली होती, "जा की तू, मी आहे घरी." पण निवेदिताने वाढलेल्या पानावरही बाबा उदयची वाट बघत बसायचे. सून समोर बसलेली असली तरी लेकाची खुर्ची रिकामी, म्हणजे पंगत अपुरी. "तुझ्या बाबांना तूच सांग बाबा," निवेदिताने हात झटकले. "मी सांगितलं की मी वाईट." तेही खरंच होतं.

क्लबातला ग्रॅहम हा उदयचा तिथला एकमेव मित्र. निवृत्त सुतार, तोंडाने कमी, हाताने जास्त बोलणारा. उदय येईनासा झाला तसा एका संध्याकाळी तोच व्हॅन घेऊन मेडनहेडला आला. व्हॅनमध्ये त्याचं जुनं प्रेस होतं, काडतुसं घरी भरायचं. त्याच्या डोळ्यांना आता बारीक काम झेपत नव्हतं. "तू शेतावर येऊ शकत नाहीस," ग्रॅहम म्हणाला, "पण हे तुझ्या गॅरेजमध्ये येऊ शकतं." यात पैसे फारसे वाचत नाहीत, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. उदयला पैसे वाचवायचेच नव्हते.

काम दिसायला सोपं. उडवून रिकामी झालेली काडतुसाची नळकांडी गोळा करायची. प्रेसच्या दांड्याखाली एकेक धरून आधी बुडातली ठिणगी पाडणारी जळकी टोपी काढायची, नवी बसवायची. मग दांडा खाली ओढला की वरच्या बाटलीतून मोजकी पावडर आत पडते. त्यावर वॉड, म्हणजे दाबलेल्या फायबरचं जाड बूच. त्यावर छर्रे. मग तोंड मिटवायचं, पाकळ्यांसारख्या घड्या घालून. ग्रॅहमने पहिल्या दिवशी नुसतं बघायला लावलं. पुस्तकात दिलेलंच माप, तीच पावडर, तोच वॉड, अंदाजपंचे काही नाही. दर थोड्या वेळाने पावडर काट्यावर तोलून बघायची. आणि मग त्याने उदयच्या खांद्यावर आपला जडशीळ हात ठेवला.

"एक नियम. हातात घेतलेलं काडतूस पूर्ण करूनच उठायचं. फोन वाजू दे, दार वाजू दे, घराला आग लागू दे. अर्ध्यावर सोडलेलं काडतूस परत आल्यावर तुझ्याशी खोटं बोलतं."

उदयने मान डोलावली. आतमध्ये चपात्यांचा वास सुटला होता, आणि त्याचा एक कान तिकडे होता.

पण काय सुख होतं त्या गॅरेजमध्ये! गार फरशी, एक दिवा, एक स्टूल. दांडा खाली, दांडा वर. छर्रे खळकन पडत. इथे ऑफिसमधलं कोणी स्लॅकवर मेसेज टाकत नव्हतं, बाबांनी गोळ्या घेतल्या का असं कोणी विचारत नव्हतं. शनिवारी सकाळी बाबांचा चहा झाला की उदय गॅरेजचं दार लावून घ्यायचा आणि त्याच्या खांद्यांची गाठ हळूहळू सुटायची. पूर्ण झालेली काडतुसं ट्रेमध्ये उभी राहिली की तो त्यांच्यावरून उगीच तळहात फिरवायचा. खरं तर उडवायला जायचं कधी, हा प्रश्नच होता. पण कैद्याला कोणी विचारतं का, की एवढं छान विणतोस, घालणार कधी?

त्या शनिवारी ट्रे जवळजवळ भरत आला होता. प्रेसखाली नळकांडं, बुडात नवी टोपी बसलेली. उदयने वॉड घेऊन त्याच्या खाचेत तयार ठेवला, दांड्याला हात घातला, आणि हाक आली.

"उदय! पान वाढलंय!"

हात थांबला. एक दांडा, एक वॉड, एक मूठ छर्रे, एक घडी. एवढं काम अर्ध्या मिनिटाचं. पण त्याच्या डोळ्यांसमोर मार्चमधले ते पांढरे ओठ आले, आणि तो तस्साच उठला. हात धुतले, दोनदा, कारण छऱ्यांत शिसं असतं. जेवला. बांगडा उत्तम झाला होता. बाबांनी भाताचा दुसरा डाव आग्रहाने वाढला.

परत आला तेव्हा डोळ्यांवर झापड होती. वॉड खाचेत तयार दिसला. वॉड तयार आहे म्हणजे पावडर पडली असणार, नाही तर आपण वॉड कशाला ठेवू? असा सरळ हिशेब त्याने केला, आत डोकावून बघितलं नाही, आणि नळकांडं वॉडच्या खाचेखाली सरकवून वॉड दाबून बसवला. छर्रे टाकले, तोंड मिटवलं. ते काडतूस ट्रेमध्ये बाकीच्यांच्या शेजारी उभं राहिलं, त्यांच्यासारखंच देखणं.

पुढच्या रविवारी निवेदिताने तोडगा काढला. "बाबांनाच घेऊन जा की क्लबला. डबा देते." बाबा खूश झाले. कोट, मफलर, टोपी घालून तासभर आधी तयार. वाटेत त्यांनी विचारलं, "कोणाला मारता तुम्ही तिथे?" उदय म्हणाला, "कोणाला नाय बाबा. प्लेट फोडतो." "बरं," बाबा म्हणाले, आणि थेम्स ओलांडेपर्यंत त्यावर विचार करत राहिले.

क्लबात एक लाकडी खोपटं आहे, चहा-बिस्किटांचं. बाबांना खिडकीशी खुर्ची दिली, पायांवर शाल दिली. उदयने स्वतः भरलेली काडतुसं खिशात टाकली. इतक्या महिन्यांनी खांद्याला बंदूक लागली तेव्हा त्याला हसू फुटलं, मोठ्याने. पहिली चकती फुटली. दुसरीही. आपण भरलेलं काडतूस आपल्याच खांद्याला धक्का देतं, ती मजा विकतच्यात नाही. ग्रॅहम मागे उभा राहून शीळ घालत होता.

आणि मग उदयचं लक्ष खिडकीकडे गेलं. बाबांनी डबा उघडून टेबलावर मांडला होता. दोन झाकणं, दोन चमचे, समोरासमोर. त्यांनी शर्ट खाली केला, पेनला टोपण लावलं, आणि काचेतून हात हलवला. टोचून झालं होतं.

त्याच्या जागेवर चकत्यांच्या आणखी दोनच जोड्या राहिल्या होत्या. संपवून पळू, असं उदयने ठरवलं. चकती सुटली. त्याने घोडा दाबला. फुस्. सायकलच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखा आवाज, खांद्याला धक्का नाही. ते त्याच्या डोक्यापर्यंत पोचलंच नाही. दुसऱ्या नळीचा बार नीट झाला, पण चकती चुकली. त्याने बंदूक उघडली, रिकामी काढली, नवी दोन सारली, मिटवली, खांद्याला लावली. एक डोळा चकतीवर, एक मन खिडकीवर.

"स्टॉप!"

ग्रॅहम कधी ओरडत नाही. तो इतका ओरडला की शेजारच्या जागेवरचे लोकही गप्प झाले. त्याने मागून येऊन उदयच्या हातातली बंदूक जमिनीकडे दाबली, उघडायला लावली, काडतुसं काढून घेतली आणि नळी आकाशाकडे धरली. एका नळीतून स्वच्छ पांढरं आभाळ दिसत होतं. दुसरीतून काहीच दिसत नव्हतं. पावडर नसलेल्या काडतुसातला वॉड नळीच्या मध्ये घट्ट रुतून बसला होता. पुढचा बार तिथे आपटला असता, आणि नळी फुटली असती ती उदयच्या डाव्या हातात, कदाचित तोंडावर.

उदय चिखलातच बसला.

"मध्येच उठला होतास?" ग्रॅहमने विचारलं. हळू विचारलं, म्हणून जास्त लागलं.

उदय काय सांगणार? घराला आग लागली तरी उठायचं नाही, हा नियम त्याला पाठ होता. पण पान वाढलंय तर काय करायचं, हे ग्रॅहमला कसं विचारायचं? तो उठला, धडपडत खोपटाकडे गेला आणि बाबांसमोर बसला. बाबांनी घास घेतला, मग त्याने घेतला. मेथीची भाजी होती. ती मातीसारखी लागली.

"ते गृहस्थ का ओरडले?" बाबांनी विचारलं.

"काय नाय," उदय म्हणाला.

उरलेली सगळी काडतुसं ग्रॅहमने फोडून टाकायला सांगितली. तोलून कळत नाही, प्रत्येक नळकांडं थोडं कमीजास्त असतंच. उदयने गॅरेजमध्ये बसून एकेक कापलं. सगळ्यांत पावडर होती. चुकीचं होतं ते एकच होतं, आणि ते त्याच्याच हाती आलं होतं. शेवटचं कापून झाल्यावर मात्र त्याला राग आला. आधी स्वतःचा, मग आश्लेषाचा, मग पुण्याच्या आणि क्रॉयडनच्या सगळ्या वाढलेल्या पानांचा. तो ताडकन उठून किचनमध्ये गेला. बाबा डबा विसळत होते.

"बाबा, मला तुमच्याशी बोलायचा आहे. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका. टोचला की जेवून घ्या. मी आलो तर आलो. मी मरणार होतो आज."

त्याने सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या मराठीत, वॉड, पावडर, नळी, सगळं. बाबांनी नळ बंद केला. बराच वेळ ते डब्याचं झाकण पुसत राहिले, कोरडं झालं तरी.

"तुझ्या जिवावर बेतलं," ते म्हणाले. "माझ्या हाकेने."

"तसा नाय, बाबा. पण—"

"नाही, बरोबर आहे तुझं. हाक नाही मारणार यापुढे." त्यांनी झाकण लावलं. "पण एकटं जेव म्हणू नकोस. एकट्यानेच जेवायचं असतं तर मी क्रॉयडनलाच राहिलो असतो."

उदयने दुसरं झाकण उचललं आणि फडक्याने पुसलं.

महिनाभर तो गॅरेजकडे फिरकला नाही. मग ग्रॅहमचाच फोन आला, भीती बसायच्या आत पुन्हा सुरू कर म्हणून. त्या शनिवारी उदयने प्रेस पुसलं, दिवा नीट वाकवला आणि ठरवलं, की प्रत्येक नळकांड्यात वॉड घालण्याआधी डोकावून बघायचं. रिकामी नळकांडी ट्रेमध्ये मांडली. दांडा खाली, दांडा वर. काम छान चाललं होतं. ट्रेचा निम्मा भाग पूर्ण झाला आणि त्याच्या लक्षात आलं, की जेवणाची वेळ केव्हाच होऊन गेली आहे आणि हाक आलेली नाही.

आधी त्याला बरं वाटलं. मग कान टवकारले गेले. किचनमधून भांड्यांचा आवाज नाही, रेडिओ नाही. बांगड्याचा वास मात्र येत होता, थंड होत चाललेला. त्याने दांडा तसाच धरून मान वळवली.

गॅरेजचं आतलं दार उघडं होतं. उंबऱ्याच्या पलीकडे किचनची खुर्ची टाकून बाबा बसले होते. अंगात कोट, गळ्यात मफलर, कारण गॅरेजमधला गारवा तिथे येतो. हातात इन्सुलिनचं पेन, टोपणासकट. किती वेळ बसले होते कोण जाणे.

"बाबा! टोचून बसलात?"

"नाही रे. तू उठलास की टोचतो. मग तुला घाई नको." त्यांनी पेन दाखवलं, शहाण्या मुलाने रिकामा पेला दाखवावा तसं. "तुझं होऊ दे. मी बोलत नाही."

आणि ते खरंच बोलले नाहीत. नुसते बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर, नजर उदयच्या हातावर. भूक लागली होती त्यांना. ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती, आणि ती दिसू नये म्हणून ते जरासं हसतही होते.

इतके दिवस उदयला वाटत होतं, ती हाक तेवढी बंद झाली की आपण सुटलो. हाक बंद झाली होती. हाकेला निदान रागवता तरी येत होतं.

त्याने हातातल्या नळकांड्यात डोकावून बघितलं. पावडर होती. वॉड बसवला, छर्रे टाकले, तोंड मिटवलं, पुन्हा एकदा बोटाने चाचपलं आणि ते ट्रेमध्ये ठेवलं. मग दिवा बंद केला.

"झालं?" बाबांनी पेनचं टोपण काढत विचारलं.

"झालं," उदय म्हणाला, आणि अर्ध्या रिकाम्या ट्रेकडे पाठ करून हात धुवायला गेला.